उद्यापर्यंत स्लॅब हिरवा हवा

निवृत्त झाल्यापासून बऱ्याच केसेस डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणत्या खुनातला चाकू कोणत्या ठाण्याच्या मालखान्यात होता, हे आज विचारलं तर मी चुकेन. दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या त्या स्लॅबची केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्यात चाकू नव्हता, वैर नव्हतं. ज्यांच्यामुळे तीन माणसं मेली त्यांना त्या तिघांची नावंही ठाऊक नव्हती.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढलो. घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. पुढे दिल्ली पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि बढती मिळत द्वारकेच्या एका ठाण्याचा एसएचओ, म्हणजे प्रभारी अधिकारी झालो. तेव्हा द्वारका अर्धी वसलेली आणि अर्धी खोदलेली होती. मेट्रो यायची होती. सोसायट्यांचे सांगाडे जिकडेतिकडे उभे होते आणि माझ्या हद्दीत राहणाऱ्यांपेक्षा बांधणारे जास्त होते. तक्रारीही तशाच यायच्या. कुणाच्या सळया गेल्या, कुणाचं सिमेंट गेलं, कुणाचा ठेकेदार मजुरी बुडवून पळाला.

जानेवारीतल्या एका दुपारी कंट्रोल रूमकडून खबर आली: सोसायटीचं छत कोसळलं, लोक खाली दबलेत. ड्युटी ऑफिसरने रोजनामच्यात नोंद केली आणि आम्ही निघालो. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं.

साइटवर दोन टॉवर शेजारी शेजारी चढत होते. त्यातल्या दुसऱ्याच्या तळमजल्यावरचा स्लॅब खाली आला होता. फायर ब्रिगेडवाले पोचले होते. संध्याकाळपर्यंत तीन मृतदेह निघाले, दोन बाया आणि एक पुरुष. तिघंही बुंदेलखंडातून आलेले मजूर. वाऱ्याचा त्रास नको म्हणून स्लॅबखाली भाकरतुकडा खायला बसलेले. एकीच्या हातात रोटीचा घास तसाच होता.

प्रोजेक्ट मॅनेजर आम्हाला फाटकापाशीच भेटला. पन्नाशीतला, स्वच्छ कपड्यांतला, बोलायला मऊ. त्याने सांगितलं की वाळूचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने स्लॅबच्या टेकूंना धडक दिली आणि तो पळून गेला. ट्रक तिथेच उभा होता, मागचा फाळका चेपलेला. शटरिंगच्या फोरमनने आणि स्टोअरवाल्याने तेच सांगितलं. निष्काळजीपणाने मृत्यू, कलम ३०४-अ, असा गुन्हा दाखल झाला. माझा सब-इन्स्पेक्टर म्हणाला, "सर, सीधा केस है. ड्रायव्हर पकडा कि चार्जशीट."

मलाही तसंच वाटलं होतं. खटकली ती एकच गोष्ट. तिघांची जबानी जवळजवळ शब्दाला शब्द सारखी होती. खरं पाहिलेली माणसं कधी सारखं सांगत नाहीत. एकाला आवाज आठवतो, दुसऱ्याला धूळ आठवते, तिसरा आपण कुठे पळालो तेच सांगत बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदनासाठी आम्ही शवागारात गेलो. मेलेल्या एका बाईचा नवरा बाहेर पायरीवर बसला होता. अपघाताच्या वेळी तो पाणी भरायला गेला होता, म्हणून वाचला. ओळख पटवल्याच्या कागदावर त्याचा अंगठा हवा होता. त्याने मुकाट्याने दिला. मी शेजारी बसलो आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की रोज तिथेच जेवायला बसायचात का?

"नहीं साहब," तो म्हणाला. "परसों तक तो वहाँ बल्लियाँ ही बल्लियाँ थीं. झुककर निकलना पड़ता था. कल देखा तो जगह खुली पड़ी है. औरत बोली, यहीं बैठ जाते हैं, हवा नहीं लगेगी."

एवढं बोलून तो पुन्हा समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. आपण काय सांगितलं, हे त्याला कळलेलं नव्हतं. मलाही कळायला क्षणभर वेळ लागला. नव्या स्लॅबला खालून टेकू, त्याच्या भाषेत बल्लियाँ, दिलेले असतात. काँक्रीट पुरेसं कडक होईपर्यंत त्याचं सगळं वजन त्या टेकूंवर असतं. हा माणूस सांगत होता की टेकू स्लॅब पडायच्या आधीच निघाले होते. मग ट्रकने धडक दिली ती कोणत्या टेकूंना?

मी तिथूनच ठाण्यात फोन लावला. साइट सील करा, मलब्याला कोणी हात लावायचा नाही.

आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी काम करत होता. "रास्ता क्लियर करना था, सर," प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला. जेसीबी थांबवला, पंच बोलावले, एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्राध्यापकांना तज्ज्ञ म्हणून आणलं. मलबा माणसांकडून हलक्या हाताने उपसून घेतला. खुनाच्या जागी आपण काय सापडतं ते बघतो, पण काय सापडत नाही तेही बघायचं असतं. ट्रक धडकून टेकू पडले असते तर त्या काँक्रीटखाली वाकलेल्या लोखंडाचा खच असता. कडेचे मोजके टेकू तेवढे निघाले. मधली सगळी जागा रिकामी.

मग टेकू गेले कुठे? प्राध्यापकांनी मान वर करून पहिल्या टॉवरकडे पाहिलं. तिथे वरच्या मजल्यावर नव्या स्लॅबची तयारी चालू होती. त्याच निळ्या रंगाचे लोखंडी टेकू तिथे दाटीवाटीने उभे होते. टेकू भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला ठाण्यात बोलावलं. तो म्हणाला, साहेब, मी आधी दोन टॉवरपुरता माल दिला होता. दिवाळीनंतर त्यांनी अर्धा परत केला. खर्च कमी करायचाय म्हणाले.

ट्रकचा ड्रायव्हर पानिपतला त्याच्या मेव्हण्याकडे सापडला. त्याला काही दिवस दिल्लीत दिसू नकोस, एवढंच सांगण्यात आलं होतं. ट्रकचा फाळका चेपला होता तो स्लॅबचा तुकडा अंगावर पडून.

आता फोरमनची पाळी. चाळिशीतला, अंगाने मजबूत, हाताची बोटं जाड झालेली. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्याने चहाला हात लावला नाही.

"गलती मेरी है साहब," तो म्हणाला. "बल्लियाँ मैंने खुलवाईं. किसी ने नहीं कहा. मुझे लगा स्लॅब पक गया."

हे वाक्य त्याने मला पुष्कळदा ऐकवलं. मी मध्येच कुठूनही विचारावं आणि त्याने परत पहिल्यापासून तेच म्हणावं. खरा गुन्हेगार तपशिलात शिरतो, स्वतःला सावरून घेतो, दुसऱ्यावर थोडं ढकलतो. पढवलेला माणूस पाठांतर सोडत नाही. मी त्याला विचारलं की या कलमाखाली काय होतं, माहीत आहे का? तो लगेच म्हणाला, "जमानती है साहब."

शटरिंगच्या फोरमनला कलम जामीनपात्र आहे हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कसं कळणार? मी समोरचा कागद बाजूला केला आणि शांतपणे सांगितलं की आता हा गुन्हा ३०४-अ राहणार नाही. जीव जाऊ शकतो हे ठाऊक असताना टेकू काढले असतील तर ते ३०४, भाग दोन. सदोष मनुष्यवध. त्याला ठाण्यातून जामीन नाही. दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "मगर मुझसे तो कहा था दो दिन की बात है," तो म्हणाला. "घर का खर्चा भी कंपनी देखेगी."

"किसने कहा?"

मोठा माणूस ढसाढसा रडला. प्रोजेक्ट मॅनेजरने सांगितलं होतं. आणि टेकू काढायला? तिथे मात्र त्याने दुसरंच नाव घेतलं. घटनेच्या आदल्या दिवशी त्याला फोन आला होता प्लॅनिंग इंजिनिअरचा. उद्या सकाळी मोजायला येतोय, दुसऱ्या टॉवरचा स्लॅब पूर्ण दाखवायचाय, असा.

प्लॅनिंग इंजिनिअर मराठी निघाला. तिशीचा मुलगा, द्वारकेतच आईवडिलांबरोबर राहणारा. त्याला बोलावणं धाडलं तर त्याच्याआधी त्याचे वडील ठाण्यात आले. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, केंद्राच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"साहेब, आपण आपल्यातलेच आहात असं कळलं," ते म्हणाले.

"ठाण्यात मी सगळ्यांतलाच असतो, काका. बसा."

"त्याने कोणाला काही हुकूम दिलेला नाही. हुकूम देण्याएवढा तो मोठाच नाही. तो नुसता मोजतो. काम किती झालं, किती व्हायला हवं होतं, एवढंच."

"मग त्यालाच सगळ्यात आधी कळलं असेल," मी म्हणालो. मला त्यांचं वाईट वाटलं. माझे वडील असेच बोलले असते.

मुलगा आला तो रडला नाही, चिडला नाही. पाणी मागितलं आणि पूर्ण ग्लास संपवला. मी मराठीत बोलायला लागलो तेव्हा त्याचे खांदे जरा सैल झाले. त्याच्या बोलण्यात हिंदी-इंग्रजी सारखं यायचं, आमच्या दिल्लीतल्या घरांत येतं तसं.

"तुझं काम नेमकं काय?"

"सर, समजा या महिन्यात इतकं काम व्हायला हवं असं ठरलंय. प्रत्यक्षात झालं किती, ते मी मोजतो. आणि झालं त्याला खर्च किती आला, तेही. भागाकार करून दोन आकडे निघतात. एक वेळेचा, एक खर्चाचा. आकडा एकपेक्षा कमी आला तर मागे आहात. चार्टवर लाल दिसतं. वर गेलात तर हिरवं. बस, इतकंच."

"आणि स्लॅब?"

"स्लॅब ओतला की अर्धा धरायचा. शटरिंग आणि टेकू निघाले की पूर्ण." तो थांबला. "नियम चांगल्यासाठीच होता, सर. ओतला आणि सोडून दिला असं नको म्हणून."

त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. काम कित्येक महिने मागे पडलेलं होतं. हेड ऑफिसमधून दर महिन्याला लोक यायचे आणि लाल चौकटीवर बोट ठेवून सगळ्यांदेखत प्रोजेक्ट मॅनेजरला झापायचे. खर्चाचा आकडा तरी सुधारावा म्हणून मॅनेजरने अर्धे टेकू परत पाठवले. मग वेळेचा आकडा आणखी घसरला, कारण एका टॉवरचे टेकू निघेपर्यंत दुसऱ्याचं काम अडून राहायचं. दोन्ही आकडे एकदम हिरवे करायचे तर एकच मार्ग उरत होता: टेकू लवकर काढायचे. घटनेच्या दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचे लोक यायचे होते, म्हणून घटनेच्या आदल्या दिवशी मॅनेजरने साइटवर मीटिंग घेतली होती.

"मीटिंगमध्ये काय ठरलं?"

"ठरलं काहीच नाही, सर. मॅनेजर साहेबांनी चार्टवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'कल तक ये स्लॅब मुझे हरा चाहिए.' मी म्हणालो, सर, थंडी आहे, काँक्रीट हळू पकतंय, क्यूबचा निकाल आलेला नाही." काँक्रीट ओतताना त्याचे लहान ठोकळे करून ठेवतात आणि नंतर ते फोडून ताकद बघतात, त्याला ते लोक क्यूब म्हणतात. "ते म्हणाले, 'मैंने पूछा क्या?' आणि पुढच्या विषयावर गेले."

"मग तू फोरमनला फोन केलास."

"मी टेकू काढ म्हणालो नाही."

"काय म्हणालास?"

"उद्या मोजायला येतो म्हणालो. पूर्ण दाखवायचाय म्हणालो."

"तो काय करेल, हे तुला माहीत होतं?"

बाहेर वायरलेसवर कुठल्या तरी ट्रॅफिक जॅमची खबर चालली होती.

"होतं," तो म्हणाला.

मी प्रोजेक्ट मॅनेजरला चौकशीला बोलावलं, तो वकील घेऊन आला. त्याला घाम फुटलेला नव्हता. तो म्हणाला, मी कामाची गती वाढवा म्हणालो, टेकू काढा म्हणालो नाही. मीटिंगमधल्या कुणालाही विचारा. आणि मग थकलेल्या आवाजात, जणू मैत्रीखातर, म्हणाला, "इन्स्पेक्टर साहब, आपके यहाँ भी तो महीने की मीटिंग होती होगी."

होत होती. त्याच आठवड्यात, फोरमन खरं बोलायच्या आधी, झाली होती. डीसीपी साहेबांसमोर दर महिन्याला प्रत्येक ठाण्याच्या प्रलंबित केसेसचा तक्ता लागायचा. माझ्या ठाण्याची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "आरोपी हाथ में है, कबूल कर रहा है, फिर ये पेंडिंग क्यों है?" शेजारच्या ठाण्याच्या एसएचओने टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे हो म्हणून टाक. मी म्हणालो की कबूल करणारा माणूस पढवलेला आहे, मला वेळ हवा. साहेब खूश झाले नाहीत, पण वेळ दिला. एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

कलम वाढवलं. मॅनेजर, फोरमन आणि इंजिनिअर तिघांना अटक केली. हेड ऑफिसमधून लेखी उत्तर आलं की आम्ही फक्त प्रगतीचा आढावा घेतो, साइटवरचे निर्णय साइटवर होतात. त्यांच्याविरुद्ध उभं करता येईल असं काही माझ्या हाती लागलं नाही.

इंजिनिअरला माफीचा साक्षीदार करावं असं सरकारी वकिलांचं मत पडलं. म्हणजे त्याने कोर्टात सगळं खरं सांगायचं आणि त्याला शिक्षेतून सुटका. त्याचे वडील ते ऐकून खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. तोवर तो जामिनावर सुटलेला होता; मॅजिस्ट्रेटसमोर जबाब देऊन तो बाहेर आला तेव्हा वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही घरी जा. मी चालत येतो." तीस हजारी कोर्टापासून द्वारका चालत जायच्या अंतरावर नाही. वडील बस स्टॉपकडे गेले.

खटला अनेक वर्षं चालला. मधल्या काळात माझी दोनदा बदली झाली. साक्षीसाठी मी येत राहिलो. ज्या दिवशी इंजिनिअरची उलटतपासणी होती, त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. त्याचे केस विरळ झाले होते. बचाव पक्षाचे वकील जुने, अनुभवी, आवाज कधीच न चढवणारे.

"माझ्या अशिलाने तुम्हाला टेकू काढायला सांगितलं?"

"नाही. त्यांनी स्लॅब पूर्ण..."

"एवढंच सांगा. सांगितलं का?"

"नाही."

"तुम्ही फोरमनला टेकू काढायला सांगितलं?"

"नाही."

"म्हणजे टेकू काढा असं कोणीच कोणाला सांगितलं नाही. धन्यवाद."

त्याला अजून बोलायचं होतं. त्याने न्यायाधीशांकडे पाहिलं, सरकारी वकिलांकडे पाहिलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारले, पण शब्द तेच राहिले. तो खरं बोलला आणि त्या खरं बोलण्यानेच मोठं कलम कोसळलं. पिंजऱ्यातून उतरताना त्याने कठडा इतका घट्ट धरला होता की शिपायाला त्याचा हात सोडवावा लागला.

सदोष मनुष्यवध सिद्ध झाला नाही. मॅनेजर आणि फोरमन दोघांना निष्काळजीपणासाठी सारखीच शिक्षा झाली. अपिलात मॅनेजरला जामीन मिळाला आणि पुढे त्याने दुसरीकडे नोकरी धरल्याचं कानावर आलं. फोरमनकडे अपिलासाठी वकील नव्हता. कंपनी घरचं बघणार होती, ते पहिल्या काही महिन्यांतच थांबलं होतं. त्याने शिक्षा पुरी भोगली. शवागाराच्या पायरीवर भेटलेला माणूस निकालाच्या दिवशी आला नव्हता. त्याला पाठवलेलं समन्स गावाहून परत आलं: इथे राहत नाही, कुठे गेला माहीत नाही. इमारत पुढे पूर्ण झाली. लोक राहायला आले. बाल्कन्यांत कपडे वाळत असतात.

आमच्या प्रशिक्षणात शिकवतात की गुन्ह्यामागे हुकूम कोणाचा, ते शोधा. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण या केसमध्ये हुकूम शोधत गेलो तेव्हा एकेका पायरीवर तो विरघळत गेला. वरच्याने रंग मागितला, मधल्याने मोजायला येतो म्हणून कळवलं, खालच्याने पाना हातात घेतला. प्रत्येकाला पुढचा माणूस काय करणार हे ठाऊक होतं आणि प्रत्येकाने ते न बोलण्याची काळजी घेतली. आकड्यात काही वाईट नसतं. काम मागे पडलंय की पुढे आहे, खर्च आवाक्यात आहे की नाही, हे मोजल्याशिवाय काहीच उभं राहणार नाही. पण आकडा मागणाऱ्याने तो कसा येणार हे विचारणं बंद केलं की खालची माणसं तो कसाही आणतात. आणि कायद्याकडे त्यासाठी नेमका शब्द नाही. निदान मला तो सापडला नाही.

पुढे मी एसीपी झालो आणि दर महिन्याचा तक्ता माझ्यासमोर येऊ लागला. एका मीटिंगमध्ये एक तरुण सब-इन्स्पेक्टर होता, हुशार, उत्साही. त्याच्याकडे एक घरफोडी बरेच दिवस प्रलंबित होती. मी काही विचारायच्या आतच तो उठून म्हणाला, "सर, कल तक आरोपी पेश कर दूँगा."

"कैसे?" मी विचारलं.

तो हातातली फाइल चाळू लागला. मी त्याला खाली बसायला सांगितलं आणि ती केस त्या महिन्यात प्रलंबितच ठेवली.